मागून बसणारी गाडी

सोमवार, ४ मार्च १९९६

आलोइस राप आता आमच्याकडे कामाला नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्याने किल्ल्यांचा जुडगा माझ्या रंध्याच्या टेबलावर ठेवला, टोपी डोक्यावर चढवली आणि गेला. तेहतीस वर्षं त्याने आमची शववाहिका चालवली, मी शाळेत होतो तेव्हापासून. पण नियम म्हणजे नियम. ऑक्टोबरात बाबा गेले, सुतारकाम आणि अंत्यविधीचा धंदा दोन्ही माझ्या नावावर झाले, आणि पहिल्याच आठवड्यात मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं: शवपेटी गाडीत ठेवताना इंजिन बंद. लोक रडत उभे असतात आणि त्यांच्या तोंडावर धूर सोडत गाडी घुरघुरत ठेवायची, ही कुठली रीत? शिवाय उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवायला कायद्याने बंदी आहे.

आलोइसने कागद वाचला, मान हलवली आणि पुढच्याच अंत्ययात्रेला इंजिन चालू. विचारलं तर म्हणे, "गाडीला लागतं ते."

"गाडीला लागतं की तुला?" मी म्हटलं. "हीटर लावून बसायची सवय झालीय तुला."

त्यावर गप्प. तो असा गप्प बसतो हीच त्याची मग्रुरी. पहिली नोटीस डिसेंबरात दिली, दुसरी जानेवारीत, तिसरी आता. ज्याला जन्मभर 'अरे आलोइस' म्हटलं त्याला नोटिशीत 'आपण' लिहिताना पेन जरा अडखळलं, हे खरं आहे.

बायको, इर्मा, दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. तिच्या मते मी बाबांवरचा राग त्याच्यावर काढला. बाबा त्याला 'माझा उजवा हात' म्हणायचे आणि मला 'आमचा फळ्या तासणारा', याची आठवण तिनेच करून दिली. याचा इथे काय संबंध, मला समजत नाही.

गुरुवार, १४ मार्च

आज पहिल्यांदा गाडी मी चालवली. काळे हातमोजे, इंजिन बंद, सगळं शिस्तीत. बेकरीवाल्या म्हाताऱ्या थेरेसियाबाईंची पेटी चौघांनी चर्चच्या दारात आत सरकवली आणि गाडी मागून खाली बसली. थोडीथोडकी नाही, चांगली चार बोटं. सगळ्यांनी पाहिलं.

ही गाडी मुळात घेतलीच होती ती असं होऊ नये म्हणून. मागे कितीही ओझं टाका, तेलाच्या दाबाने मागचा भाग आपणहून उचलला जातो आणि गाडी सपाट राहते. सत्याऐंशी साली बाबांनी ती आणली तेव्हा अख्खं गाव बघायला आलं होतं. बाबा म्हणाले होते, मेलेला माणूस म्हणजे बटाट्याचं पोतं नव्हे, गाडीने त्याच्याखाली वाकता कामा नये.

मी आत बसलो, इंजिन चालू केलं आणि निघालो. चर्चच्या दारापासून आवाराचं फाटक वीस पावलांवर आहे. फाटकातला दगडी उंबरा ओलांडताना गाडीचं बूड त्याच्यावर घासलं. असा खरखराट झाला की मागून चालणारी थेरेसियाबाईंची मुलगी "आई गं" म्हणून जागच्या जागी थांबली. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हणता म्हणता माझ्याकडे पाहिलं. मी कानापर्यंत लाल झालो असणार.

नवल पुढे आहे. पायी चालणाऱ्यांच्या वेगाने पाच-सात मिनिटांत आम्ही वर कब्रस्तानात पोचलो. उतरून पाहतो तर गाडी सरळ. पेटी आतच होती, आणि गाडी जणू कधी वाकलीच नव्हती.

शुक्रवार, १५ मार्च

सकाळपासून गाडीखाली पडून आहे. पुढची तेलाची टाकी भरलेली. पंपाला गळती नाही, नळ्या कोरड्या. मागच्या आसाजवळ एक छोटा व्हॉल्व्ह आहे. गाडी खाली गेली की एक बारीक दांडी त्याला ढकलते, व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल मागे जाऊन गाडी उचलतं. दांडी जागेवर आहे. पण तिच्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे आहेत, भोवतीचा गंज खरवडलेला.

तिथे हात घालणारा माणूस एकच होता.

गाडीच्या वहीत आलोइसच्या अक्षरात दर फेब्रुवारीला 'मागचा नट पाहिला, आवळला' अशी नोंद आहे. यंदाचीही आहे. नोंद असणारच. ज्याला लपवायचं असतं तो कागद चोख ठेवतो. मी अजून कुणावर आरोप करत नाही, फक्त जे दिसलं ते लिहून ठेवतो.

सोमवार, २५ मार्च

पुष्कळ विचार केला. मागे वायू भरलेले दोन लोखंडी गोळे आहेत, त्यांत दाब साठून राहतो. इंजिन बंद असताना गाडीला तेच तोलून धरत असणार. म्हणजे गोळे गेले. नवे मागवले, ते शनिवारी आले, आज बसवले. जुने गोळे खाली काढायला अडीच तास लागले आणि एका बोटाचं साल गेलं.

मग चाचणी घेतली. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे इंजिन चालू ठेवलं, धुरासाठी नळी लावून खिडकीबाहेर सोडली आणि मागे ओकच्या फळ्या रचल्या, दोनशे किलो. गाडी जराशी दबली आणि मिनिटाभरात शहाण्या बाळासारखी वर आली. पाच वेळा फळ्या काढल्या, पाच वेळा रचल्या. पाचही वेळा वर आली.

इर्मा दारात उभी होती. म्हणाली, "आलोइसला एक फोन केलास तर?"

"कशाला? गाडी दुरुस्त झाली."

"तसं असेल तर उत्तमच," ती म्हणाली आणि मसूर शिजायला टाकायला आत गेली.

बुधवार, ३ एप्रिल

आजच्यासारखा दिवस वैऱ्याला दिसू नये.

अग्निशामक दलाचे जुने प्रमुख गेले. माणूस धिप्पाड, पेटी मी स्वतः केलेली, भरीव ओकची. चर्चच्या दारात दलाचे साठ जण गणवेशात उभे, बँडवाले वेगळे. मी इंजिन बंद केलं, खाली उतरलो, टोपी काढली. पेटी आत गेली आणि गाडी पुन्हा बसली. नवे गोळे असून बसली. आता थांबून काय करणार, सगळे खोळंबलेले. निघालो. उंबऱ्यावर या वेळी नुसतं घासलं नाही, धुराड्याची नळी अडकून तुटली आणि मागे फरफटत राहिली. बँड एकेक वाद्य करत बंद पडला. दलाच्या दोघांनी गाडीखाली हात घालून नळी तारेने बांधली, पांढऱ्या हातमोज्यांनी.

कब्रस्तानात पोचेपर्यंत गाडी सरळ झालेली होती. माझ्या वर्कशॉपमध्ये ती कधी बसत नाही. फक्त चारचौघांत, माझ्या तोंडाला काळं फासायला बसते.

दफन झाल्यावर पाद्रीबाबांनी विचारलं, "आलोइस बरा आहे ना?" माझ्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

सोमवार, ८ एप्रिल

ईस्टरची सुट्टी. दुपारी गुत्त्यात आमच्या नेहमीच्या टेबलावर गेलो. जायला नको होतं, पण नाही गेलो तर लोक म्हणणार, लाजून घरात बसला.

वखारवाल्या श्टेफानने सुरुवात केली. "काय गेबहार्ड, पुढच्या वेळी आम्ही पेटी खांद्यावरच नेऊ का? की नळी बांधायला तार घरून आणू?"

सगळे हसले. मी पण हसलो. मग म्हटलं, "नऊ वर्षं जी गाडी बसली नाही ती एक माणूस गेल्यावर लगेच बसते, याचा अर्थ तुम्हीच लावा."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मागच्या नटावर पान्याचे ओरखडे आहेत, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय."

श्टेफान म्हणाला, "राप असं करणार नाही." पण तो हळू म्हणाला. बाकीच्यांनी बिअर संपवली आणि विषय हवामानावर नेला. मी खोटं काही बोललो नाही. ओरखडे आहेतच.

सोमवार, १५ एप्रिल

सकाळी सरपंचांचा फोन आला. गावाला कब्रस्तानासाठी माणूस हवाय: कबरी खणायच्या, कुंपणाची झुडपं छाटायची, प्रार्थनाघर झाडायचं. आलोइसने अर्ज केलाय. निवड शुक्रवारी सव्वीस तारखेला गावसभेत होईल.

"तो एकोणसाठचा आहे," सरपंच म्हणाले. "या वयात दुसरं कुणी त्याला घेणार नाही, आणि हे काम त्याच्या हातचं आहे. पण लोक काहीबाही बोलताहेत. गाडीशी त्याने काही केलं म्हणतात. तू मालक, तुझ्याकडून ऐकावं म्हटलं."

मी म्हटलं, "मी शपथेवर काही सांगू शकत नाही."

"शपथ कोण मागतंय? माझ्या जागी तू असतास तर कब्रस्तानाच्या किल्ल्या त्याच्याकडे दिल्या असत्यास का, एवढं सांग."

मी म्हटलं, "मी दिल्या नसत्या."

फोन ठेवल्यावर पाहिलं तर इर्मा हिशेबाच्या टेबलाशी बसून माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "कशाच्या जोरावर म्हणालास हे?" मी ओरखड्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "दरवर्षी नट आवळणाऱ्याच्या पान्याचे ओरखडे असणार नाहीत तर काय मांजराच्या नखांचे असतील?" मला राग आला. बायकांना यंत्रातलं काय कळतं, असं मी बोलून गेलो.

मंगळवार, २३ एप्रिल

तालुक्याच्या गावी वूर्स्टरबाईंच्या गॅरेजात गेलो. बाई सत्तरीच्या आहेत, नवरा वारल्यावर गॅरेज त्यांनीच चालवलं. या भागात ही तेलावर चालणारी यंत्रणा त्यांच्याइतकी कुणाला कळत नाही. इर्माला शवपेटीच्या अस्तराचं कापड घ्यायचं होतं म्हणून तीही बरोबर होती.

गाडी ठीक आहे. तिला काहीही झालेलं नाही.

बुधवार, २४ एप्रिल

काल पुढे लिहवलं नाही. आज लिहितो.

वूर्स्टरबाईंनी गाडीखाली डोकंसुद्धा घातलं नाही. मला म्हणाल्या, "तुझ्या दारात कशी तपासलीस?" मी सांगितलं. "आणि चर्चच्या दारात कशी उभी करतोस?" तेही सांगितलं. नियमासकट, कायद्यासकट.

त्यांनी हातातला कॉफीचा कप इर्माकडे दिला. "इंजिन बंद कर," म्हणाल्या. त्यांच्या दोन माणसांनी मागे लोखंडाचे ठोकळे ठेवले आणि गाडी चार बोटं बसली, जशी थेरेसियाबाईंच्या वेळी बसली होती. "आता चालू कर आणि घड्याळ बघ." पन्नास सेकंदांत गाडी सपाट.

"पंप इंजिनावर फिरतो रे राजा," बाई म्हणाल्या. "इंजिन बंद तर पंप बंद. मग गाडी उचलणार कोण, तुझे पूर्वज? ओझं ठेवताना इंजिन चालू हवं, नाहीतर निघण्याआधी मिनिटभर थांबायला हवं. गोळ्यांचं काम हादरे खायचं, गाडी उचलायचं नाही. उगाच बदललेस." मग म्हणाल्या, "तुमच्याकडे तो राप होता ना? त्याला विचारायचं. गाडी नवी होती तेव्हा तुझ्या वडिलांनी त्याला माझ्याकडेच शिकायला पाठवला होता. तीन दिवस होता."

बाबांनी त्याला पाठवलं. मला कधी बोललेसुद्धा नाहीत. मी फळ्या तासत होतो.

येताना गाडीत इर्मा एकच वाक्य बोलली. "घरी गेल्यावर आधी सरपंचांना फोन कर." मी म्हटलं, कपडे तर बदलू दे. कपडे बदलले, गिऱ्हाईक आलं, मग सरपंचांच्या कचेरीची वेळ संपली. आज सकाळीही केला नाही. काय सांगू? आमची गाडी आम्हाला चालवता येत नाही म्हणून? साठ माणसांसमोर धुराडं तोडलं ते मी, आणि नाव घेतलं दुसऱ्याचं?

गुरुवार, २५ एप्रिल

इर्माने सकाळी फोन उचलून नंबर फिरवला आणि माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, "तूच सांग ना."

"तोंड तुझं वापरलंस तेव्हा," ती म्हणाली, "आता शब्द मागेही तुझ्याच तोंडाने घे."

मी फोन घेतला. पलीकडून कारकुनाने सांगितलं की सरपंच बाहेर गेलेत, दुपारी येतील. निरोप आहे का? मी म्हटलं, नाही. ही माझी चूक आहे का, की ते बाहेर होते?

दुपारी एक पेटी पुरी करायची होती. पॉलिश वाळायच्या आत हात थांबवता येत नाही.

आणि खरं सांगायचं तर आलोइसवर मी अजून चिडलो आहे. एवढं ठाऊक होतं तर तोंड उघडून नीट सांगायचं. 'गाडीला लागतं' हे काय सांगणं झालं? दोन वाक्यं जास्त बोलला असता तर हे सगळं टळलं असतं.

शुक्रवार, २६ एप्रिल

संध्याकाळी सहाला गावसभा होती. पावणेसहाला मी गावकचेरीपर्यंत गेलो होतो. बाहेर सायकली आणि गाड्या लागल्या होत्या, श्टेफान दारात उभा होता. एवढ्या लोकांत कसं बोलणार? मी तसाच पुढे जाऊन पोस्टात पत्रं टाकली आणि परत आलो.

कब्रस्तानाचं काम शेजारच्या गावच्या कुणा बत्तीस वर्षांच्या माणसाला मिळालं. एकमताने.

मंगळवार, ३० एप्रिल

आजच्या अंत्ययात्रेला इंजिन चालू ठेवलं. पेटी आत गेली, गाडी दबली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर आली. उंबरा अलगद ओलांडला. धुराची तक्रार कुणीही केली नाही. पाद्रीबाबा म्हणाले, "अखेर सापडला वाटतं बिघाड." मी म्हटलं, "हो, व्हॉल्व्हमध्ये होता." भिंतीवरचा कागद आल्याबरोबर काढून टाकला.

इर्मा जेवताना म्हणाली, "त्याच्याकडे जा. मी पण येते, नाहीतर तू पोस्टातूनच परत येशील."

शनिवार, ४ मे

गेलो. इर्माने वेणीसारखा वळलेला गोड पाव भाजला होता, तो डब्यात घेऊन ती बरोबर आली.

शनिवार म्हणजे झाडलोटीचा दिवस, त्यामुळे आलोइस घरापुढची वाट झाडत होता. आम्हाला पाहून त्याने झाडू भिंतीला टेकवला. दोन महिन्यांत गाल आत गेलेत त्याचे. "या," एवढंच म्हणाला. स्वयंपाकघरात बसवलं, सफरचंदाच्या दारूचा जग आणला, तीन पेले ठेवले. बायको, लिझल, गेल्यापासून एकटाच असतो, पण घर लख्ख आहे.

मी सगळं एका दमात सांगितलं. वूर्स्टरबाई, पंप, गोळे, ओरखडे, गुत्ता, सरपंचांचा फोन. "चूक माझी झाली आलोइस," मी म्हटलं. हे शब्द उच्चारायला मला वाटलं होतं त्याहून सोपे गेले.

तो म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत आहे. थोरल्या मालकांनी तुला सांगितलं असेल. मला वाटलं, तुला मला काढायचंय आणि हे नुसतं निमित्त."

"मला कुणीच सांगितलं नव्हतं."

"गुत्त्यात कुणी माझ्या शेजारी बसेना," तो म्हणाला. "त्याचं एवढं नाही. पण त्या कामाची मला आशा होती. म्हटलं, थोरले मालक तिथे आहेत, माझी लिझल तिथे आहे, उरलेली वर्षं त्यांच्यात जातील." त्याने पेला फिरवला. "गेबहार्ड, तुला हे कळलं कधी? वूर्स्टरबाईंकडे कधी गेला होतास?"

त्याने रागाने विचारलं नव्हतं. त्याला खरंच ते एवढंच जाणून घ्यायचं होतं. मंगळवारी. मंगळवार, बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार संध्याकाळचे सहा.

मी म्हटलं, "शनिवारी. गेल्या शनिवारी."

त्याच्या खांद्यांतला ताण गेलेला मला दिसला. त्याने मोठा श्वास सोडला. "निवड शुक्रवारी झाली," तो म्हणाला. "मग तू तरी काय करणार होतास?" आणि टेबलावरून हात पुढे केला. मी तो धरला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि माझेही आले, हे मी खोटं लिहीत नाही.

इर्माने डबा उघडला, पाव कापला, मोठा तुकडा त्याच्या ताटलीत ठेवला आणि खाली बघत बसली. मी त्याला म्हटलं, परत ये, गाडी तुझी आहे. तो लगेच हो म्हणाला. मी गुत्त्यात सगळ्यांसमोर सांगेन असं म्हटलं, तर म्हणाला, "राहू दे रे, मी गाडीत बसलेला दिसलो की त्यांना कळेल."

सोमवारपासून येतोय.

परत येताना अर्धा रस्ता झाल्यावर इर्मा म्हणाली, "म्हणजे आता तो रोज दुपारी आपल्या टेबलाशी जेवायला बसणार."

"हो," मी म्हटलं. "पूर्वीसारखाच."

"त्याला मी वाढीन," ती म्हणाली. "तुझं तू घेत जा."